दादा जपानला गेलेला नाही

दादा, तू जपानला गेलेला नाहीस. तू मेला आहेस. इथं ऑकलंडच्या हॉस्पिटलात, मंगळवारी सकाळी, नर्स खिडकीचा पडदा सरकवत असताना मेलास. वहिनी तुझे पाय चेपत होती आणि मी खाली गाडी लावायला जागा शोधत होते. हे एवढं सरळ मला आधी लिहून टाकू दे. कारण गेले दोन आठवडे पुण्यात, आपल्या सहकारनगरच्या सोसायटीत, सगळी माणसं समजत होती की तुला कंपनीनं तीन महिन्यांसाठी जपानला पाठवलंय. आणि हे सगळ्यांना अभिमानानं सांगत फिरत होती ती आपली आई.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन कधीतरी. सध्या मला तुझा राग आलाय आणि तो काही केल्या गिळता येत नाही. लहानपणी मी चिडले की तू म्हणायचास, "शहाणे, आधी पाणी पी, मग भांड." पाणी प्यायलेय. आता ऐक.

तुझ्या कंपनीचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर तू असशील तिथून तिची बाजू घ्यायला उभा राहशील, आणि आज बोलायची पाळी माझी आहे. नुसतं कंपनी म्हणते. तूही तेवढंच म्हणायचास, जगात दुसरी कंपनीच नसल्यासारखं. भोसरीच्या कारखान्यात तू तिच्यासाठी गिअरचे भाग बनवायचास. विशीत असताना तिनं तुला ट्रेनिंगला जपानला नेलं, तेव्हा आईनं सोसायटीत पेढे वाटले, आणि तू परत आलास तो दाराबाहेरच्या चपला एका ओळीत लावायची सवय घेऊन. पुढं न्यूझीलंडला आलास तेही तिच्याच गाड्या विकणाऱ्या एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये. ऑकलंडच्या टोकाला टाकानिनीला घर घेतलंस तेव्हा नळ, बेसिन, खिडक्या वहिनीनं बघितल्या. तू फक्त गॅरेज बघून आलास.

कंपनीचा इतिहास तू सत्यनारायणाच्या पोथीसारखा सांगायचास, एकही अध्याय न गाळता. आधी जहाजं, मग विमानं, मग युद्ध आणि सगळ्याची राख. उरलेल्या पत्र्यातून भांडीकुंडी, मग स्कूटर, मग माल वाहणारी तीनचाकी, मग एक चिमुकली मोटार, जिला परदेशात लोक हसले. पुढं हीच कंपनी वाळवंटातल्या आणि चिखलातल्या शर्यती जिंकायला लागली आणि हसणाऱ्यांनी गाडीसाठी नंबर लावले. जेवायला आलेल्या पाहुण्यांचा भात गार व्हायचा, पण तुझा युद्धानंतरचा अध्याय संपायचा नाही. इथं न्यूझीलंडमध्येही एके काळी जपानहून खोक्यांतून सुटे भाग यायचे आणि इथली माणसं ते जोडून गाडी उभी करायची, ही तुझी आवडती पुरवणी. ते कारखाने तू यायच्या सुमारास बंद पडले होते. तरी एका सुट्टीत मुद्दाम वाट वाकडी करून तू आम्हाला त्यातल्या एकाचं बंद फाटक दाखवायला नेलंस आणि तिथं वहिनीचा आणि माझा फोटो काढलास. त्या फोटोत आम्ही दोघी रागावलेल्या आहोत.

माझी पहिली गाडीही तूच आणून दिलीस. जपानमध्ये वापरून झालेली, बोटीनं आलेली. सुरू केली की एक बाई गोड आवाजात जपानी बोलायची आणि रेडिओवर इथलं एकही स्टेशन लागायचं नाही, कारण जपानचे आकडे वेगळे. तू एक डबी बसवलीस, मग रेडिओ लागला. बाईला मात्र तू गप्प करू दिलं नाहीस. ती सीटबेल्ट लाव म्हणतेय, तुझ्या काळजीनं बोलतेय, म्हणालास. हॅमिल्टनच्या धुक्यात, वायकाटोच्या त्या लांबच लांब रस्त्यांवर मी ती गाडी किती वर्षं पळवली, एकदाही मला वाटेत सोडलं नाही तिनं. इथले शेतकरी कंपनीच्या यूटबद्दल, मागं उघडा हौदा असलेल्या गाडीबद्दल, म्हणतात की ती मरत नाही. ते खरं आहे, आणि मला तुझ्यावर चिडायचं असलं तरी हे मान्य करावं लागतं. गाडी चालवायलाही तूच शिकवलंस, न ओरडता. आख्ख्या घराण्यात न ओरडता शिकवणारा तू एकटाच.

मग ती बातमी आली. नव्या शतकाचा गाजावाजा नुकता संपला होता, तुझी लेक रुचा नुकती शाळेत जायला लागली होती. आम्ही तुझ्याकडे जेवायला होतो आणि टीव्हीवर काळे सूट घातलेले कंपनीचे वरिष्ठ कमरेत वाकून उभे होते. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांच्या तक्रारी त्यांनी सरकारपासून लपवल्या होत्या. गाडीत दोष आहे हे माहीत असूनही मालकांना कळवायचं नाही, गाडी सर्व्हिसिंगला आली की गुपचूप तो भाग बदलून द्यायचा, अशी पद्धतच पडली होती. तुझा घास हातात राहिला. तू म्हणालास, "बघ, किती खाली वाकलेत." मी म्हणाले की वाकायच्या आधी सांगायचं असतं.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. तू म्हणालास, झाकली मूठ सव्वा लाखाची. इतक्या वर्षांत कमावलेलं नाव एका दिवसात घालवायचं का? दुरुस्ती तर केलीच होती ना त्यांनी? लोकांना उगाच घाबरवायचं कशाला? मी म्हणाले, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मी हॅमिल्टनला दुधाच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे एक नमुना नुसता संशयास्पद निघाला तरी आख्खा माल थांबतो, फोन जातात, ट्रक अर्ध्या वाटेतून परत येतात. लोक शिव्या घालतात आणि दूध पितात, कारण त्यांना माहीत असतं की बिघडलं तर आम्ही सांगू. तू हसलास. म्हणालास, दूध नासतं, शहाणे, गाडी नासत नाही.

कंपनी वाकली, आता सगळं सांगून झालं म्हणाली, आणि काही वर्षांनी कळलं की सगळं सांगितलंच नव्हतं. आणखी होतं. या वेळी तू टीव्ही बंद केलास आणि उठून गाडी धुवायला गेलास. मी पाठोपाठ आले तेव्हा तू बोनेटवर फडकं मारत होतास आणि तुझे डोळे लाल होते. नाव मोठं लक्षण खोटं, हे ओठांवर आलेलं मी मागं घेतलं. तुझ्या वर्कशॉपमध्ये गिऱ्हाइकं कमी झाली, दोन माणसं सोडून गेली, तू राहिलास. तुला दुसरीकडे बोलावणं होतं, जास्त पगाराचं, तरी राहिलास. तेव्हा मला तुझं कौतुकच वाटलं होतं. आता वाटतं, मी तेव्हाच ओळखायला हवं होतं की जी माणसं लपवतात ती तुला वाईट वाटतच नव्हती. तुला ती प्रेमळ वाटत होती.

आपली दोघांची भेटायची जागा बॉम्बे. नवीन माणसाला हे सांगितलं की हसतो, पण टाकानिनी आणि हॅमिल्टन यांच्या मध्ये खरंच बॉम्बे नावाचं गाव आहे. कांद्याची शेती, एक पेट्रोल पंप, त्याला लागून चहा-कॉफीची दुकानं. तुला जवळ, मला लांब. तू आधी पोचायचास आणि माझा चहा सांगून ठेवायचास. गेल्या वर्षभरात तू बारीक होत चालला होतास. विचारलं की म्हणायचास, डाएट. त्याच्या आधी तुझं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, निदान आम्हाला तसं सांगितलं होतं. मी डब्यातून मुगाचं कढण आणलं होतं. तू ते संपवून म्हणाला होतास की हर्निया परवडला, तुझ्या हातचं खायला मिळतं.

तीन महिन्यांपूर्वी बॉम्बेला तू चहाला हात न लावता बसला होतास. म्हणालास, मध्ये बोलू नकोस, आधी ऐकून घे. आणि तू गाडीचा रिपोर्ट द्यावा तसा स्वतःचा रिपोर्ट दिलास. हर्निया नव्हताच. आतड्याचा कॅन्सर होता. एवढा भाग काढला, एवढा जोडला, मग औषधं, मग पुन्हा लिव्हरमध्ये निघाला, आता काढण्यासारखं राहिलेलं नाही. पावणेदोन वर्षं चाललं होतं हे. वहिनीला शपथ घातली होतीस. रुचाला अर्धंच सांगितलं होतंस. वर्कशॉपमध्ये सगळ्यांना माहीत होतं, कारण तिथं रजा घ्यावी लागते. म्हणजे तुझ्या गाड्या धुणाऱ्या माणसाला माहीत होतं आणि तुझ्या पाठच्या बहिणीला नाही.

मी रडले नाही, तुला आठवत असेल. मी कप असा आपटला की पलीकडच्या टेबलावरच्या आजोबांनी मान वर केली. तुझं उत्तर तयार होतं. तू काय करणार होतीस, उगाच झोप उडाली असती, मी नीट करून घेत होतो ना. तेच शब्द, दादा. टीव्हीसमोर बसून तू कंपनीच्या वतीनं जे बोलला होतास तेच. मी म्हणाले, "मी तुझं गिऱ्हाईक आहे का?"

मग मुख्य मुद्दा काढलास. आईला सांगायचं नाही. आत्ता नाही, आणि नंतरही लगेच नाही. तिची अँजिओप्लास्टी झालीय, वय झालंय, एवढ्या लांबून ती काय करणार? शपथ घे. मी शपथ घेतली नाही. हे मला इथं ठळक लिहून ठेवायचंय, कारण पुढं सगळे म्हणत राहिले की तुला, सुहासला, सगळ्यांनी शब्द दिला होता. मी दिला नव्हता. मी म्हणाले की तिला हे कळायचा हक्क आहे, तू तिचा आहेस, एकट्याचा नाहीस. तू उठताना माझ्या डोक्यावर टपली मारलीस आणि इथली माणसं 'चालतंय' या अर्थानं म्हणतात तसं म्हणालास, "स्वीट ॲज, शहाणे. पुढच्या वेळी भांडू." पुढची वेळ आली नाही. तू हॉस्पिटलात गेलास, आणि तिथं तुला एवढ्या वेदना होत्या की मला भांडता येईना. असं कसं रे तू अर्ध्यात उठून गेलास.

तू गेलास त्या सकाळी वहिनीनं पहिला फोन शेखरला लावला. आपला चुलत भाऊ, आईच्या वरच्याच मजल्यावर राहतो, तिची औषधंपाणी तोच बघतो, म्हणजे तसं बरोबरच होतं. दोघांनी मिळून ठरवलं की आत्ता आईला काही बोलायचं नाही. पण दर रविवारी तू फोन करायचास, त्याचं काय करायचं? शेखरचं डोकं चाललं. खाली जाऊन तो आईला म्हणाला की दादाला कंपनीनं जपानला पाठवलंय, खूप मोठं काम आहे, तीन महिने फोन करता येणार नाही. आणि आईनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? पूर्वी एकदा पाठवलंच होतं. कंपनीचं नाव घेतलं की आपल्या घरात कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही, ती सवय तूच लावलीस. आयुष्यभर तू त्या नावाची राखण केलीस, आणि त्या नावाचा शेवटचा उपयोग काय झाला तर तुझं मरण झाकायला.

तुला अग्नी दिला त्या दिवशी तुझं आख्खं वर्कशॉप आलं होतं. हेमी सगळ्यांत पुढं होता. हा तुझा मेकॅनिक, इथल्या मूळच्या माओरी लोकांतला, तुझ्याहून दीडपट रुंद, तो लहान मुलासारखा हुंदके देत होता. त्यानं माझ्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग त्यानं विचारलं की मम कधी पोचतेय. त्यांच्याकडे माणूस गेला की सगळं घराणं गोळा होतं, मृताला एक क्षण एकटं ठेवत नाहीत, आणि आई तर उशाशीच बसलेली असते. त्याला वाटलं आपण आईसाठी थांबलोय. वहिनी म्हणाली, तिला प्रवास झेपत नाही. हेमी बिचारा मान हलवून म्हणाला, "शी मस्ट बी गटेड, ओव्हर देअर," म्हणजे ती तिकडे पार कोसळली असेल. मला तिथून बाहेर जावं लागलं. कारण तिला काहीच माहीत नव्हतं. ती तिकडे त्या वेळी पुरणपोळ्या करत होती, हे तर मलाही नंतर कळलं.

हो, पुरणपोळ्या. शेजारच्या जोशांच्या मुलीचं केळवण होतं. आईनं हौसेनं सगळं स्वतः केलं. कटाची आमटी, भजी, पोळ्या. जेवायला आलेल्यांना सांगत होती की माझा सुहास पुन्हा जपानला गेलाय. मुलगा गेलाय आणि त्याची आई गोडाधोडाचं करून लोकांना वाढतेय, हे आपण तिच्याकडून करवून घेतलं. तिला सुतकसुद्धा पाळू दिलं नाही. मी काही फार सोवळ्याओवळ्याची नाही, तुला माहीतच आहे. पण आपल्याकडे त्या दहा दिवसांत माणसाला कुणी काही मागत नाही, हसायला लावत नाही, त्याला त्याचं दुःख करू देतात. आईच्या वाट्याचे ते दिवस तू, वहिनी आणि शेखर मिळून परस्पर खर्चून बसलात.

हे केळवणाचं मला रुचानं घेतलेल्या फोनवरून कळलं. त्या रविवारी संध्याकाळी आईनंच फोन केला. ठरल्याप्रमाणे रुचानं उचलला, कारण वहिनीचा आवाज लगेच फुटतो आणि माझ्यावर कुणाचा भरवसा नव्हता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. चौदा वर्षांची पोर, मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजी. आजी तिकडून पुरणपोळ्यांचं सांगत होती, स्पीकरवर सगळं ऐकू येत होतं, आणि ही नुसती येस आजी, नाइस आजी म्हणत होती. मग आजीनं विचारलं की बाबांचा फोन आला का गं जपानहून, जेवतो ना तिथं नीट? रुचानं एकदा वहिनीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही इज ईटिंग हीप्स, आजी." फोन ठेवला. तिनं काही तोडफोड केली नाही, रडली नाही. हात धुवायला गेली आणि बराच वेळ नळ चालू होता. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आत्या, आय डोन्ट वॉन्ट टू डू संडे अगेन."

दादा, तुझ्यावर मी पूर्वीही रागावले आहे. हा राग तसला नाही. ज्या पोरीचा बाप नुकता गेलाय तिच्या तोंडून तो जपानमध्ये भरपूर जेवतोय असं वदवून घ्यावं लागलं, ते तुझ्या शब्दासाठी. तू असतास तर तुझी कॉलर धरली असती मी. तू नव्हतास, म्हणून मी वहिनीवर ओरडले. म्हणाले की आपण उद्याच आईला सांगणार आहोत. वहिनी म्हणाली, "सुहासची शेवटची इच्छा होती, मंजू." मी म्हणाले, "आईची काय इच्छा आहे ते कुणी विचारलंय?" मग वहिनी खाली बसली आणि म्हणाली की पावणेदोन वर्षं मी एकटीनं हे सांभाळलंय, आणखी माझ्याच्यानं होत नाही, तुला करायचं ते कर. तेव्हा मला तिची फार दया आली. तिलाही तू एकटीला कोंडून ठेवलं होतंस.

शेखरला समजवायला वेळ लागला. तो म्हणाला, काकूला काही झालं तर जबाबदार कोण? मी म्हणाले, मी. पण नंतर घासलेली भांडी मी पुन्हा घासायला घेतली. कारण तू बरोबर असू शकत होतास. तिचं हृदय खरंच नाजूक आहे. एका महिन्यात दोघांना घालवून बसले असते तर मला कुणी माफ केलं नसतं, मीसुद्धा. हे सगळं मला कळत होतं आणि तरी सांगायचंच होतं. शेखरच्या बायकोनं डॉक्टरांना विचारून घेतलं, शेजारच्या जोशीकाकूंना बोलावून ठेवलं. मी कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानात जाऊन परदेशी फोन करायचं फोनकार्ड आणलं, तू नेहमी घ्यायचास तेच, कारण त्यात आवाज स्वच्छ येतो. शेखर आईशेजारी बसला आणि त्यानं फोन तिच्या हातात दिला.

मी म्हणाले, "आई, दादा जपानला गेलेला नाही." ती म्हणाली, "मग?" मी म्हणाले, "आई, दादा गेला." तिनं पुन्हा मग म्हटलं नाही. शेखर मागून काकू, काकू करत होता. मग तिनं त्याला गप्प केलं आणि मला विचारलं की कशानं, कधी. मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. ऑपरेशन, औषधं, लिव्हर, हर्नियाची थाप, बॉम्बेला झालेलं भांडण, हेमीनं काय विचारलं ते. तिचं हृदय बंद पडलं नाही, दादा. तू ज्याला दोन वर्षं घाबरलास ते झालं नाही.

मग ती बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज थंड होता, बाबा गेले तेव्हा होता तसा. म्हणाली की जपान कुणाच्या डोक्यातून निघालं? म्हणाली, मी आख्ख्या सोसायटीला सांगून आले. म्हणाली, मी पुरण घातलं त्या दिवशी. आणि मग विचारलं, "म्हणजे गेल्या गणपतीत त्याचा आवाज बसला होता, पोट बिघडलंय म्हणाला होता, ते हेच?" मी हो म्हणाले. आई म्हणाली, "मी त्याला ओवा खा म्हणाले गं."

ती पुढं म्हणाली, "ओवा आणि सैंधव चावून खा, वर गरम पाणी पी, असं सांगितलं. पुढच्या रविवारी म्हणाला, खाल्ला आई, बरं वाटलं." मग म्हणाली, पोराला कॅन्सर, आणि आई ओवा सांगतेय. किती मूर्ख केलंत मला. आणि फोन शेखरच्या हातात दिला. ती रडली नव्हती. शेखर म्हणाला की नुसती भिंतीकडे बघत बसलीय.

मी वहिनीला विचारलं. ओरडून नाही, नुसतं विचारलं, कारण मला तुझा हिशेब पुरा करायचा होता. ही थापही मला मोजायची होती. म्हटलं, तो ओवा खाल्ला म्हणाला होता ते खोटंच ना? वहिनी रुचाच्या शाळेच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "नाही, खाल्ला होता. त्याला तेव्हा पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. मी म्हटलं कशाला हट्ट, तर म्हणाला, दे थोडा, आईशी खोटं बोलायला नको."

दादा, गाढवा. एवढा मोठा खोटेपणा डोक्यावर घेऊन बसला होतास आणि चमचाभर ओव्यासाठी खरं बोलायची तुला काळजी. मी त्या घड्या घातलेल्या कपड्यांवर डोकं ठेवून रडले आणि रडता रडता तुला जे काही बोलले ते रुचानं ऐकलं असेल, तर ऐकू दे. मग फोनकार्डावर थोडी मिनिटं उरली होती, त्यावर आईला पुन्हा फोन लावला. तिला म्हणाले, त्यानं ओवा खरंच खाल्ला होता, आई. उलटी झाली, पण खाल्ला होता.

तेव्हा आई रडली.